येरळाला पाठवलेला निरोप

उगारे चपला काढून आत आले तेव्हाच मला कळलं, की यांचं मशीन बिघडलेलं नाही. मशीन बिघडलं की लोक फोन करायचे, नाहीतर दारातूनच ओरडून जायचे. कॉम्प्युटर रूममध्ये चपला काढून यायचं असा नियम होता, आणि आमच्या दूध संघात चपला काढण्याइतका कंटाळा कुणाला कशाचा नव्हता. त्या नियमानं धूळ किती कमी झाली ते मला माहीत नाही, माणसं मात्र पार कमी झाली होती.

दार लावून ते उभेच राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. अंगात लॅबचा पांढरा कोट होता. त्याला दूध आणि ॲसिड मिळून एक आंबूस वास यायचा.

"मगदूम मॅडम, दोन मिनिटं आहेत का?"

माझ्याकडे दोन मिनिटंच काय, गेली नऊ वर्षं होती. काचेची एक खोली, थंडगार एसी, घरघरणारा सर्व्हर आणि मी. तरी मी आधी घड्याळाकडे बघितलं आणि मग बोला म्हटलं. आपण रिकामे दिसू नये, असं मला तेव्हा फार वाटायचं.

गुजरातेत मेहसाण्याच्या पुढं एका खासगी डेअरीनं त्यांना मुख्य केमिस्ट म्हणून बोलावलं होतं. राहायला क्वार्टर, हाताखाली सहा माणसं. शनिवारी दुपारी बारापर्यंत फोन करून होय-नाही कळवायचं होतं. मी म्हटलं, चांगलं आहे की. ते म्हणाले, चांगलंच आहे. मग थोडा वेळ कोटाचं बटण फिरवत राहिले.

"इथं राहायला कारण असेल तर मी जाणार नाही," ते म्हणाले. "कारण म्हणजे तुम्ही. मी चाळीस वर्षांचा आहे, घरी आई आहे. बाकी माझं तुम्हाला सगळं माहीत आहे."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी हात वर केला. आत्ता काही बोलू नका, म्हणाले. विचार करा.

"शनिवारी बाराच्या आत माझ्या मशीनवर पाठवा. होय असलं तर मी राहतो. मग रीतसर माणसं घेऊन तुमच्या भावाकडं येतो."

"आणि नाही असलं तर?"

"तरी पाठवा. मी परत विचारणार नाही. जाईपर्यंत एका इमारतीत काम करायचं आहे, तुम्हाला अवघड नको."

ते गेले. दोन हजार दोन साल होतं, नोव्हेंबरातला गुरुवार. मी तेहतीस वर्षांची होते आणि त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं, की माझं लग्नाचं वय आईच्या आजारपणात सरून गेलं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

'मशीनवर पाठवा' म्हणजे काय ते सांगायला हवं. तेव्हा ऑफिसात मोबाइल फक्त एमडी साहेबांकडे होता. पण कुठल्याही मशीनवर काळ्या पडद्यात एक ओळ टाइप केली, की दुसऱ्याच्या स्क्रीनच्या मधोमध एक करडी चौकट उगवायची. टंग असा आवाज, चौकटीत पाठवणाऱ्या मशीनचं नाव आणि निरोप, खाली ओकेचं बटण. ते दाबल्याशिवाय चौकट जागची हलायची नाही. आणि एकदा दाबलं की निरोप कायमचा गेला. तो कुठं साठायचा नाही, परत वाचता यायचा नाही. ओळीत एखाद्या मशीनचं नाव लिहिलं तर निरोप त्या एकाला, नावाच्या जागी चांदणी टाकली तर सगळ्या इमारतीला.

सुरुवातीला मी ते कामापुरतं वापरलं. सर्व्हर पाच मिनिटांत बंद होईल, काम सेव्ह करा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची आणि पाठवून दिलं की काचेतून खाली हॉलकडे बघायची. सतरा डोकी एकदम स्क्रीनवर वाकायची. माझ्यामुळे. ते बघायला मला फार आवडायचं. पुढं एमडी साहेबांनाही ते आवडलं आणि झाडून सगळ्या सूचना माझ्याकडून जायला लागल्या. मीटिंग, रक्तदान शिबिर, गेटात कुणाची मोटरसायकल आडवी लागली आहे. संघातली सगळी माणसं रोज माझं लिहिलेलं वाचत होती. माझ्याशी बोलत मात्र कुणी नव्हतं.

मशीनना नावं द्यावी लागतात. मी आमच्या भागातल्या नद्यांची दिली. एमडी साहेबांचं अर्थात कृष्णा, माझं वारणा, लॅबमधलं उगारेंचं येरळा, अडगळीत पडलेल्या एका जुन्याचं अग्रणी. प्रत्येक पेटीवर मी स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवली होती. पण पेट्या टेबलाखाली पायांपाशी असायच्या, त्यामुळे ती नावं माझ्याशिवाय कुणाच्या कामाची नव्हती. लोकांना वाटायचं टीव्हीसारखी जी काच दिसते तेच कॉम्प्युटर. मी बारा वेळा सांगितलं असेल, की अहो, मशीन म्हणजे खालची पेटी, नाव त्या पेटीला असतं, टेबलाला नाही. ते हो हो म्हणायचे आणि काच पुसायचे.

मी जैन, उगारेही जैन. आई गेल्यावर तिचं एक व्रत मी धरून ठेवलं होतं, सूर्यास्ताच्या आत जेवायचं. ऑफिस सहाला सुटायचं, एसटीनं मिरजेला घरी पोचेपर्यंत अंधार व्हायचा. म्हणून मी रोज दोन डबे आणायची आणि दुसरा साडेपाचला कॉम्प्युटर रूममध्ये सर्व्हरकडे पाठ करून खायची. आत खाण्यापिण्यास सक्त मनाई आहे, ही पाटी मीच रंगवून घेतली होती. एकदा त्याच सुमाराला मी सगळ्या इमारतीला एक सूचना पाठवली आणि डबा उघडला, तर माझ्याच स्क्रीनवर टंग झालं. निरोप येरळाकडून होता. 'जेवलात का?'

सूचनेला कुणी उत्तर देत नाही. तोवरच्या सात वर्षांत मला आलेलं ते पहिलं उत्तर होतं. खाली लॅबमध्ये उगारेही त्याच कारणानं त्याच वेळी डबा उघडून बसायचे, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर दोन वर्षं आम्ही रोज साडेपाचला बरोबर जेवलो. ते खाली, मी वर. भाजी कसली? दोडका. आज एका गावच्या दुधाला पाणी निघालं, चेअरमन भांडून गेले. तुमचा एसी बंद का नाही करत, सर्दी झालीय ना? अशा तीन-चार चौकटी, ओके, संपलं. जिन्यात समोरासमोर आलो तर नमस्कारसुद्धा धड व्हायचा नाही. त्यांच्या आईचं गुडघ्याचं दुखणं, त्यांचं मोडलेलं लग्न, आष्ट्याजवळची दोन एकर जमीन, सगळं मला त्या चौकटींतून कळलं. बायकांकडे जुनी पत्रं असतात, फोटो असतात. माझ्याकडे त्यातलं काही नाही, कारण प्रत्येक निरोप मीच ओके दाबून पुसला.

गुरुवारी आणि शुक्रवारी मी घरी कुणाला काही बोलले नाही. भाऊ-वहिनी वाईट नव्हते. पण घरात माझी एक जागा ठरून गेली होती. वहिनी माहेरी गेली की स्वयंपाक माझा, पोरींचा गणिताचा अभ्यास माझा, आल्यागेल्याला 'आमची पद्मा काय, नोकरीत रमलीय' हे उत्तर भावाचं. मी रमले आहे की नाही, हे कुणी एकदा विचारायला हवं होतं. ते उगारेंनी विचारलं. मला खरं तर विचार करायचाच नव्हता. मी शनिवारची वाट बघत होते ती फक्त त्यांनी शनिवार म्हटलं म्हणून.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला लाइटचा दाब वाढला आणि आस्थापना विभागातली पेटी जळली. वायर जळाल्याचा वास जिन्यापर्यंत आला. शनिवारी तिथून विशेष सभेची नोटीस छापून जायची होती. एमडी साहेब म्हणाले, लॅबमधली एक पेटी आणा आणि लॅबला ती जुनी पडलेली द्या, त्यांचं काय, चार आकडे तर टाकायचे. सगळे आकडे सर्व्हरवरच साठायचे, त्यामुळे पेटी कुठलीही चालली असती. मी स्वतः खाली गेले. उगारे शुक्रवारी शीतकरण केंद्राच्या फेरीवर असायचे. त्यांच्या टेबलाखाली वाकून मी वायरी सोडवल्या, पेटी काढली, जुनी ठेवली, वायरी लावल्या. काच तीच, कीबोर्ड तोच. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर कोट टांगलेला होता. वाकताना माझ्या डोक्याला त्याची बाही लागली, आणि मी मनातल्या मनात जे वाक्य जुळवत होते त्यात इतकी गुंतले, की हातांनी काय केलं ते डोक्यापर्यंत पोचलंच नाही. ती पेटी नेऊन मी आस्थापनेतल्या तातोबा गुरवांच्या टेबलाखाली लावली.

शनिवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी काळा पडदा उघडला. येरळा हे नाव बोटांच्या वळणी पडलेलं होतं, दोन वर्षं रोज टाइप करत होते. नुसतं होय लिहिणार होते, पण ते फार कोरडं वाटलं. मग लिहिलं, 'होय. घरी मी सांगते. तुम्ही जाऊ नका.' एंटर दाबलं. निरोप येरळाला यशस्वीपणे पोचला, असं मशीननं इंग्रजीत कळवलं. मशीन खोटं बोललं नाही.

उत्तर आलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. लॅबमध्ये चार माणसं असतात, त्यांच्यासमोर हा माणूस काय लिहिणार. शनिवारी एकला ऑफिस सुटायचं, म्हणून पावणेएकला मी नेहमीप्रमाणे सगळ्या इमारतीला सर्व्हर बंदची सूचना पाठवली आणि मागच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. तिथून टँकरचं आवार आणि गेटाबाहेरचं फोनचं बूथ दिसायचं. एकला पाच मिनिटं असताना उगारे आवारातून गेटाकडे गेले, बूथमध्ये शिरले. मी मनाशी म्हटलं, आता मेहसाण्याला नाही म्हणून सांगतायत. मला इतका आनंद झाला, की मी एसी बंद केला आणि खिडकी उघडली. नऊ वर्षांत ती खिडकी पहिल्यांदाच उघडली असेल.

त्या संध्याकाळी मी घरी सांगितलं. वहिनी आधी रडली, मग तिनं मला जवळ घेतलं. तिघांत एवढं सगळं बोलणं बऱ्याच वर्षांनी झालं. भाऊ म्हणाला, त्यांना म्हणावं, पुढच्या रविवारी या.

सोमवारी अकरा वाजता शिपायानं पेढ्यांची ताटली दारातून आत सरकवली. मी विचारलं, कुणाचे? तर म्हणाला, उगारे साहेबांचे. राजीनामा दिला त्यांनी, महिन्याभरात गुजरातला चाललेत.

मी पेढा खाल्ला. शिपाई ताटलीसाठी थांबला होता, म्हणून खावा लागला.

मला जे समजलं ते असं, की माझं होय वाचून माणूस गुजरातेत पळाला. गुरुवारी भावनेच्या भरात बोलून गेले असतील, शनिवारी खरंच होय आलेलं बघून घाबरले असतील. आणि तोंडानं सांगायचीही हिंमत नाही. मला संताप आला. संताप आला हे बरं झालं, नाहीतर त्या खोलीत मी एकटीनं काय केलं असतं कुणास ठाऊक. घरी भावानं रविवारचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, ते जमणार नाही. कारण विचारू नकोस म्हटलं. त्यानं विचारलं नाही. वहिनीनं पुन्हा पोरींची गणिताची वही माझ्यासमोर आणून ठेवली, आणि मला तिचा राग आला नाही.

जाऊन विचारायला मला दोन मिनिटं लागली असती. जिना उतरायचा, डावीकडं वळायचं. पण होय मी म्हटलं होतं, आता पुढचं पाऊल त्यांचं, असं माझं म्हणणं. तीन आठवडे मी त्यांच्याकडे बघितलं नाही. लॅबची प्रिंटरची तक्रार सगळ्यात शेवटी लावली. साडेपाचला डबा उघडायची तेव्हा स्पीकरचा आवाज बंद करून ठेवायची, आणि मग टंग ऐकू आलं नाही म्हणून दर मिनिटाला स्क्रीनकडे बघायची. तिथं काही नसायचं. डबा बहुतेक दिवस अर्धा परत जायचा.

चौथ्या आठवड्यात मंगळवारी तातोबा गुरव वर आले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्याच शनिवारी दुपारी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेले होते आणि तेव्हापासून रजेवर होते. काळा चष्मा लावून, भिंतीचा आधार घेत त्यांनी दारात चपला काढल्या.

"मॅडम, तुमचं एक मागलं सांगायचं ऱ्हायलं हुतं," ते म्हणाले. "मी गेलो त्या दिवशीचं. साडेअकराच्या सुमाराला माझ्या मशीनवर टंग झालं. वाचलं आणि कळलं, हे माझं न्हाई."

मी काय होतं म्हणून विचारलं. विचारायची गरज नव्हती. प्रश्न तोंडातून जाईपर्यंत टेबलाखाली वाकलेली मी, हातातली ती पेटी आणि पेटीवरचं माझंच अक्षर, सगळं डोळ्यासमोर आलं होतं.

"होय म्हणून हुतं. घरी मी सांगते, तुम्ही जाऊ नका, असं. मला या वयात जाऊ नका कोण म्हणतंय." ते जरा हसले आणि लगेच थांबले. "बघत बसलो, आणि हाताला सवय. ओके दाबलं गेलं. वर येऊन सांगावं म्हटलं तर साडेबाराची गाडी. पुढं डोळ्यावर पट्टी. फोन लावायचा तर कुणाला तरी सांगून लावाय पायजे, आणि दुसऱ्याला सांगून लावावा असला निरोप न्हवता तो. मी कुणाला बोललो न्हाई. लेकीलासुदिक न्हाई."

इतक्या सभ्य माणसावर मला रागावता येईना. मी त्यांना पाणी दिलं.

"ज्यांचा हुता त्यांना मिळाला न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आता सांगते," मी म्हटलं आणि उठले.

जिना उतरून लॅबच्या ओल्या फरशीवर पाय पडला तेव्हा कळलं, की मी चपला घालायला विसरले. लॅबमध्ये कांबळे बाई काचेच्या नळ्या धूत होत्या. उगारे साहेब कुठं आहेत विचारलं, तर म्हणाल्या, ते दोन दिवस रजेवर. आज कुंभोजला साखरपुडा हाय की त्यांचा. आईनं घाई केली, एकटा कसा परमुलखात पाठवू म्हणाल्या. आठ दिवसांत सगळं जमलं. मुलगी बालवाडीत शिकवती, बघा. त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि काही काम होतं का विचारलं. मी म्हटलं, मशीन बघायचं होतं. मग खरंच त्या टेबलाखाली वाकले. पेटीवर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, अग्रणी.

मंगळवारचा उरलेला दिवस आणि बुधवार मी एकच गोष्ट घोकत होते. ते आले की सांगायचं. पेटी मी बदलली, चूक माझी, मी हे लिहिलं होतं. साखरपुडाच झालाय, लग्न नाही. पुढं काय व्हायचं ते होवो, पण त्यांना कळलं पाहिजे. मी होय म्हटलं होतं, एवढं जगात एका तरी माणसाला कळलं पाहिजे, आणि ते माणूस तातोबा गुरव असून चालणार नव्हतं.

गुरुवारी चारच्या सुमाराला उगारे आले. चपला काढल्या, दार लावलं. हातात नोकरी सोडतानाचा कागद होता. संघाची कुठलीही वस्तू यांच्याकडे नाही, अशी प्रत्येक विभागाची सही त्यावर लागायची. सगळ्या सह्या झाल्या होत्या, शेवटची माझी राहिली होती.

"परवा साखरपुडा झाला," ते म्हणाले.

"कळलं. अभिनंदन."

"मेहसाण्याला यायला तयार आहे ती. तिनं पाहिलंही नाही कुठं आहे ते. नकाशा आणून ठेवलाय म्हणे घरी."

मी कागद घेतला आणि पेन शोधायला लागले. पेन समोरच होतं.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "तुमचं नाही आहे, त्याचं मला काही नाही. तो तुमचा अधिकार. पण नाही असं लिहून पाठवायचं होतं. मी बाराला फोन केला नाही. म्हटलं कामात असतील, वेळ मिळाला नसेल. पावणेएकला टंग झालं. हात ॲसिडचे होते, तसाच धावलो. सर्व्हर बंद होणार होता. सगळ्यांना होतं ते."

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते समजूतदारपणे बोलत होते.

"मी पाठवलं होतं," मी म्हटलं. "अकरा वीसला. आदल्या दिवशी तुमच्या टेबलाखालची पेटी मीच बदलली होती आणि मीच विसरले. निरोप जुन्या पेटीवर गेला, दुसऱ्याच्या टेबलावर. तुमच्यापर्यंत आलाच नाही. चूक माझी."

उगारे खाली बसले. त्या खोलीत ते पहिल्यांदाच बसत होते. चेहऱ्याचा रंग उतरला होता आणि डाव्या हातात नवी अंगठी होती. ती जरा घट्ट होत असावी, ते सारखी फिरवत होते.

"काय पाठवलं होतं?"

दोन दिवस घोकलेलं वाक्य तोंडाशी होतं. मला ती कुंभोजची मुलगी दिसली, जिला मी आजवर पाहिलेलं नाही. ती भिंतीवर नकाशा लावत होती. मी खरं सांगितलं तर हा माणूस एकतर तिला सोडेल, नाहीतर माझं वाक्य घेऊन जन्मभर तिच्याशेजारी जेवायला बसेल. यातलं कुठलंही मला बघवणार नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "नाही असं पाठवलं होतं."

मी काही फार मोठ्या मनाची बाई नाही. हे सांगून मी थांबले, ते त्यांनी मला खोटं पाडावं म्हणून. दोन वर्षं रोज माझ्याबरोबर जेवलेला माणूस आहे, तो माझ्या तोंडाकडे बघेल आणि म्हणेल, मॅडम, तुम्ही खोटं बोलताय. एवढं एक वाक्य ते बोलले असते, तर मी कुंभोजचाही विचार केला नसता आणि कुणाचाच केला नसता. मी त्यांच्याकडे बघत राहिले. आयुष्यात मी कुणाकडे इतकं सरळ बघितलेलं नाही.

उगारेंनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं मला स्पष्ट दिसलं.

"मग पोचलं नाही तेच बरं झालं," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर मला ते वाचता आलं नसतं."

मी सही केली. शिक्का मारला. तारीख टाकायची राहिली होती, ती त्यांनी बोट ठेवून दाखवली, ती टाकली.